दप्तर कोण भरत होतं?

कोल्हापूर,
३ जून २०२५

प्रिय अक्का,

डबा रिकामा आहे म्हणून तसाच फडताळात ढकलू नकोस, आत हे पत्र आहे. दचकू नकोस. कुणी आजारी नाही आणि मी पळूनही गेलेले नाही (छत्तिसाव्या वर्षी कुणाबरोबर पळणार, सांग!).

फोन का केला नाही, असं विचारशील. अगं, तुझ्या घरात फोन उचलला की स्पीकरवर. मी हॅलो म्हणायच्या आत दाजी "काय म्हणतंय कोल्हापूर?" करतात, तुझे सासरे ओसरीवरून खाकरतात आणि शेजारच्या विठाबाईला माझी बातमी माझ्याआधी कळते. शिवाय फोनवर मी एका वाक्यात चार गावं हिंडून येते आणि मुद्दा सीबीएसच्या स्टँडवरच राहतो. लिहिताना निदान मागं वळून बघता येतं.

तर मुद्दा. माझं काम तुला माहीत आहे. लोखंड ओतायच्या आधी वाळूत त्याचा साचा कसा उमटवायचा ते मी ठरवते. ते मला येतं गं. पंपाची बॉडी डोक्यात फिरवून बघितली की हवा कुठं अडकणार आणि भोक कुठं पडणार ते मला दिसतं. पण गेल्या महिन्यात मी ओतशाळेत जुनं ड्रॉइंग पाठवलं. नवं माझ्याच टेबलावर होतं, चहाच्या कपाखाली. आख्खी बॅच भंगारात. आमचे मालक अमरसिंह साहेब ओरडलेसुद्धा नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं डोकं आख्ख्या शिरोलीत न्हाई. पण आणखी एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस बघायला लागंल."

म्हणून मी एका डॉक्टर मॅडमकडं गेले. मनाच्या डॉक्टर. त्यांना एडीएचडीचा संशय आहे. त्यात लक्ष कमी नसतं म्हणे, ते आपलं ऐकत नाही. आणि माणूस हुशार असला की हुशारी त्यावर पांघरूण घालते, मग वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. औषध आहे. पण हे लहानपणापासून असायला लागतं, आणि ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाकडून त्यांना ऐकायचंय. अव्वा गेली, अप्पा गेले. माझं लहानपण बघितलेलं माणूस आता तू एकटीच उरलीयस.

मी कशी होते ते लिहून पाठव. गोड करून नको. खरं लिही.

तुझी
रुद्री


गडहिंग्लज,
९ जून

चि. रुद्रीस अक्काचा आशीर्वाद आन शरणार्थ.

पत्र मिळालं. ह्या कागदाला चटणीचं तेल लागलं आसंल तर मला बोलू नको, डब्यात पत्र घालायची टूम तुझी हाय. आन ह्या बारीला डबा घ्यायला स्टँडवर ये म्हंजी झालं. मागच्या खेपंला इसरलीस आन शेंगाची चटणी कोल्हापूर बघून त्याच गाडीनं घरला परत आली. कंडक्टर हसत हुता.

डोक्याचा डॉक्टर कशाला गं? तुझ्यावानी हुशार पोरगी आमच्या गल्लीत झाली न्हाई. चार वर्साची हुतीस, अप्पांच्या दुकानात मिरचीच्या पोत्यावर बसून कानडी आन मराठी दोन्ही पाट्या धडाधडा वाचायचीस. गिऱ्हाईक आकडं सांगायचं आन अप्पांनी पेन्सिल उचलायच्या आत तुझी बेरीज झालेली.

आता खरं लिव म्हणतीस तर लिवते. जिरं आणाय धाडलं की सांज हुयाची. एकदा लोहारापाशी उभी ऱ्हायलीस, गाडीच्या चाकाला लोखंडाची धाव कशी बसवत्यात ते बघत. घरी आलीस तवा जिरं न्हाई, पैसं न्हाईत, एका पायातली चप्पल न्हाई. पर चाक कसं तापीवत्यात ते मातर सगळं हातवारं करून सांगितलंस. अव्वानं पाठीत धपाटा घातला तरी तुझं सांगणं थांबंना. स्कॉलरशिपच्या पेपरात शेवटचं पान उलटलंच न्हाईस. तरी नंबर आला, म्हणून कोण काय बोललं न्हाई. जत्रंत तर माझ्या ओढणीचं टोक तुझ्या मनगटाला बांधलेलं असायचं, न्हाईतर तू गेलीसच पाळणं बघत.

आन दप्तर! रोज जेवणं झाली की तुझं दप्तर मी भरत हुते. तू भरलंस की त्यात येकतर कालच्या वह्या न्हाईतर अप्पांचा चष्मा. माझं लगीन ठरलं तवा मी लई रडले, तुला आठवत आसंल. सासरला जायचं म्हणून न्हाई गं. आता हिचं दप्तर कोण भरणार, म्हणून.

काळजी करू नको. जेवत जा येळंवर.

तुझी
अक्का


कोल्हापूर,
१४ जून

अक्का,

तुझं पत्र मी सीबीएसवरच उभ्या उभ्या वाचलं. हसता हसता रडू फुटलं, आणि बाजूच्या मावशींनी विचारलं, "कोण गेलं काय वो?" मी म्हटलं, न्हाई वो, कोण तरी सापडलं. (आणि डबा घेतला! नोंद घे.)

दप्तराचं मला माहीतच नव्हतं. खरंच सांगते. मला वाटायचं दप्तर भरलेलंच असतं, जसं नळाला पाणी असतं तसं. तुझं लग्न झालं आणि त्याच वर्षी मी कॉलेजात नापास झाले, आठवतं? सगळे म्हणाले, पोरगी बिघडली, कॉलेजचं वारं लागलं. मीही तेच धरून बसले इतकी वर्षं. आणि आज कळतंय, की मी बिघडले नव्हते. तू गेली होतीस.

गुरुवारी दुपारी डॉक्टर मॅडम तुला फोन करतील. त्यांना माणसाशी बोलूनच विचारायचं असतं. घाबरू नकोस, शुद्ध मराठी बोलायची गरज नाही. मला जे लिहिलंस तेवढंच सांग. जिरं, चाक, ओढणी, दप्तर. बास. माझी नोकरी आता तुझ्या जिभेवर आहे.

रुद्री


गडहिंग्लज,
२४ जून

चि. रुद्रीस आशीर्वाद.

गुरवारी डॉक्टरणीचा फोन आलता. गोड बोलती बाई, ताई ताई करून. मी सगळं नीट सांगितलं. तू निर्धास्त ऱ्हा.

हिकडची बातमी म्हंजी शिवलीलाला बघाय रविवारी संकेश्वरचं पावणं आलतं. माणसं तालेवार. पोरगा पुण्यात इंजिनेर. तुझ्या भाचीला तू वळखतीस, येका जागी बसंल तर शपथ. पाय सारखा हलतोय. मी शेजारी बसून तिच्या गुडघ्यावर हात दाबून धरला पावणं उठूस्तवर. पावणीण म्हणाली, लेकीवर लई माया दिसती. मी म्हटलं, व्हय की.

जमंल आसं वाटतंय. देव पावला म्हणायचं.

माझी पत्रं वाचून झाली की फाडून टाक. उगं कुणाच्या हातात नकोत. हुग्गी धाडलीया, गरम करून खा.

अक्का


कोल्हापूर,
५ जुलै

अक्का,

नाही म्हणाल्या.

डॉक्टर मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. "लहानपणी काहीच दिसत नाही. कामाचा ताण असेल, झोप सुधारा, सहा महिन्यांनी या." मी विचारलं, काहीच म्हणजे काहीच नाही? तर त्यांनी मान हलवली. मी काय वाद घालणार! तूही सगळं सांगितलंस, तरी त्यांना पुरलं नाही. म्हणजे माझे मार्कच नडले बघ. बेरीज तोंडी करणारी पोरगी, तालुक्यात नंबर, हिला काय धाड भरलीय, असंच कुणालाही वाटणार.

मग उरलं काय? अव्वा म्हणायची तेच. आळशी. बेफिकीर. कशाचं म्हणून गांभीर्य नाही. आजार असता तर औषध होतं गं. स्वभावाला काय करतात?

माझ्या टेबलासमोर आता विश्वजितची खुर्ची मांडलीय. विश्वजित नवीन आलाय, सज्जन माणूस आहे, मला "मॅडम मॅडम" करतो. दसऱ्यापर्यंत त्यानं माझं काम शिकायचं, असं साहेबांनी सांगितलंय. मीच त्याला शिकवते. माझ्या जागेवर बसणारा माणूस मीच तयार करतेय.

लई एकटं वाटतंय अक्का. काहीतरी लिही.

रुद्री


गडहिंग्लज,
११ जुलै

चि. रुद्रीस आशीर्वाद.

अगं, काय न्हाई म्हणाली ही चांगली गोष्ट का वाईट? माझा तर जीव भांड्यात पडला. डोक्याच्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत न्हाईत म्हणं. सुटलीस त्यातनं.

आता मन घट कर. मोबाईलात गजर लाव. भिंतीवर पाटी टांग. जरा मनावर घेतलंस की सगळं हुतंय. तुझ्यासारख्या हुशार बाईला काय अवघड हाय त्यात? आळस झटक आन कामाला लाग.

संकेश्वरकडनं निरोप चांगला हाय. शेंगापोळ्या धाडल्यात. तूप लावून खा.

अक्का


कोल्हापूर,
१९ जुलै

महानंदाबाई,

अक्का लिहायला आज हात होत नाही.

मी काल परत गेले डॉक्टर मॅडमकडं. भांडायला नव्हे, विचारायला. औषध नाही तर नाही, पण जगायचं कसं ते तरी सांगा, म्हटलं. बोलता बोलता मी त्यांना ओढणीचं सांगितलं, हसत हसत. "अक्कानं सांगितलंच असेल तुम्हाला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही," म्हणाल्या. "तुमच्या ताई तर म्हणाल्या, जत्रेत बोट सोडायची नाही."

मग मी एकेक विचारत गेले आणि त्या एकेक सांगत गेल्या. जिरं? "सांगितलेलं काम पाच मिनिटांत." पेपर? "दोनदा तपासल्याशिवाय उठायची नाही." चप्पल? "कधी काही हरवलं नाही." आणि शेवटी मी विचारलं, दप्तर कोण भरत होतं? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सावकाश म्हणाल्या, "स्वतःचं स्वतः भरायची, असं म्हणाल्या."

स्वतःचं स्वतः! केसानं गळा कापलास गं. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय म्हणू? मी पंधरा दिवस स्वतःला आळशी म्हणत रडले, आणि तू काय लिहिलंस? आळस झटक. तुला माहीत होतं. सगळं माहीत असून तू मला शेंगापोळ्या पाठवल्यास. त्या मी खाल्ल्यासुद्धा. तूप लावून.

आता ऐक. पत्रं फाडून टाक म्हणाली होतीस ना? फाडायला विसरले. पर्समध्ये तशीच होती, पावत्यांच्या आणि चुरगळलेल्या तिकिटांच्या गठ्ठ्यात. ज्या विसराळूपणाची तू शपथेवर नाही म्हणून साक्ष दिलीस, त्यानंच मला पहिल्यांदा वाचवलं. मी ती तेलकट पत्रं डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सगळी वाचली. दप्तराचं दोनदा वाचलं.

का केलंस? एवढं एकच सांग.

रुद्राणी


गडहिंग्लज,
२७ जुलै

रुद्री,

माझी पत्रं परक्या बाईपुढं टाकलीस? भन भनीला लिवती ती घरातली गोष्ट असती. तुला लाज वाटली न्हाई? मी काय कोर्टात लिवून दिलतं व्हय?

का केलंस म्हणून इचारतीस. तूच लिवलंस की, माझ्या घरात फोन स्पीकरवर असतोय, सगळी ऐकत्यात. मंग त्याच फोनवर डॉक्टरणीला बोलाय कशी लावलीस? तवा ओसरीवर सासरं हुतं, हे हुतं, आन संकेश्वरचा मध्यस्थ चा पित बसलता. आदल्या दिवशीच त्यानं इचारलं हुतं, मुलीच्या आजोळात कुणाला डोक्याचं काय न्हाई न्हवं? आन दुसऱ्या दिवशी डोक्याची डॉक्टरीण माझ्या घरात बोलतीया. मी काय सांगायचं? माझी भन येडी हाय म्हणून सांगायचं? पोरीचं जमत आलेलं मोडलं आसतं तर तू जुळवून देणार हुतीस?

तू शिकलीस, कोल्हापुरात एकटी ऱ्हातीस, तुला कोण इचारणार न्हाई. मला हितं ऱ्हायचं हाय. मी तुला ल्हानपणी पदराखाली घेऊन वाढवली. येकदा, फकस्त येकदा, माझ्या लेकीसाठी तुझ्या नावानं खोटं बोलले. तर महानंदाबाई?

साखरपुडा दसऱ्याच्या आसपास हाय. यायचं तर ये.

महानंदा


कोल्हापूर,
७ सप्टेंबर

अक्का,

डबा धुऊन परत पाठवतेय. आता भरून पाठवू नकोस.

फोन स्पीकरवर असतो हे मला माहीत होतं, तरी मी तिथंच फोन करायला लावला. ही माझी चूक. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मध्यस्थासमोर तू खोटं बोललीस, तेही मी समजू शकते. तुझ्या जागी मीही घाबरले असते.

पण चोवीस जूनला तू मला पत्र लिहिलंस तेव्हा कोण ऐकत होतं? कागदाला स्पीकर नसतो. "सगळं नीट सांगितलं, तू निर्धास्त ऱ्हा," हे कुणाच्या भीतीनं लिहिलंस? मी एकटं वाटतंय म्हणून लिहिलं, त्याला उत्तर देताना तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? तिथं फक्त तू होतीस आणि मी. तिथं तू मला विकलंस. फोनवरचं नाही, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

औषध सुरू झालंय. जादू काही नाही. किल्ल्या अजून हरवतात. पण हातातलं काम संपेपर्यंत मी खुर्चीत असते, आणि ड्रॉइंग पाठवायच्या आधी तारीख बघायची आठवण होते. विश्वजितची खुर्ची मागच्या आठवड्यात दुसऱ्या खात्यात गेली. साहेबांनी नुसता चहा पाठवला.

साखरपुड्याला येत नाही. शिवलीलाला माझे आशीर्वाद सांग.

रुद्राणी


गडहिंग्लज,
२१ सप्टेंबर

मावशी,

हे पत्र डब्यातून नाही. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकाकांच्या हातात दिलंय, आणि आईला माहीत नाही.

तुझा डबा आला त्या दिवशी आईनं तुझं पत्र ओट्यापाशी उभं राहूनच वाचलं. मग डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला, हात पोचणार नाही असा. दिवसभर विठाबाईशीसुद्धा बोलली नाही, म्हणजे बघ.

मला तुला एक सांगायचंय. जूनपासून सांगीन सांगीन म्हणते आणि राहतंय. तुला माहीतच आहे कसं राहतं ते.

त्या गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. माझं प्रॅक्टिकल होतं आणि मला उशीर झाला होता. फोन ओट्यावर स्पीकरवर होता. सगळे म्हणतात तो आमच्याकडं असतोच स्पीकरवर, पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. आईचे दोन्ही हात कामात होते. "दप्तर स्वतःचं स्वतः भरायची," असं ती म्हणाली ना, तेव्हा ती माझी बॅग भरत होती. जर्नल, ओळखपत्र, पाण्याची बाटली, बसचा पास. एकही गोष्ट न विसरता. मी समोर उभी राहून बघत होते. तिनं चेन लावली, बॅग माझ्या खांद्याला अडकवली, आणि तेवढ्या वेळात एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. तुला खोटं पाडताना मी ऐकत उभी होते, हे मला सारखं टोचतंय.

मावशी, मी महिन्याभरात मोडी लिपी शिकले, कुणी न शिकवता. आणि त्याच महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. आई कॉलेजात जाऊन हातापाया पडून आली. घरात सगळे म्हणतात, हुशार आहे पण लक्ष नाही. तुझ्याबद्दल म्हणायचे तेच.

संकेश्वरला होकार गेलाय. मुलगा वाईट नाही. पण आई परवा माझे कपडे आवरताना अचानक खाली बसली आणि रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काय न्हाई. मला कळलं, काय ते. जूनमध्ये तूच मला मेसेजवर कळवलं होतंस ना, तिचं लग्न ठरलं तेव्हा ती कशाला रडली होती.

मला तुझ्या डॉक्टरांकडं यायचंय, साखरपुड्याआधी. त्या माझ्या लहानपणाबद्दल विचारतील. आईला विचारलं तर ती काय सांगेल ते मी ऐकलेलं आहे. पण दर सुट्टीला तू इथं असायचीस. माझ्या एका पायातली चप्पल शोधत तू बाजारभर हिंडलीयस. माझं लहानपण बघितलेलं दुसरं माणूस तूच आहेस.

तू सांगशील? खरं सांगशील?

तुझी
शिवलीला

ता. क. हे पत्र फाडू नकोस.